ताण्यातला हिरवा

३ सप्टेंबर

गावाचं टार्टन, म्हणजे गावाच्या स्वतःच्या चौकटीचं लोकरी कापड, मी विणायचं, असं ठरलं. मला ते काम हवं होतं. 

तीस नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, बंदराला दोनशे वर्षं होतील. त्या दिवसासाठी पोर्टगार्व्हीचं स्वतःचं कापड असावं, ही इनेसची कल्पना. तो बंदराधिकारी आहे आणि समितीचा अध्यक्षही. प्रत्येक बोटीला एक पट्टा, शाळेला, चर्चला, म्हाताऱ्यांच्या निवासाला एकेक, आणि कापडाची रीतसर नोंदणी.

"घराण्यांची टार्टनं पुष्कळ झाली," तो म्हणाला. "निम्मं गाव फ्लेट आडनावाचं आणि निम्मं स्लेटर, हे आजोबांच्या काळी ठीक होतं. आता जो इथे राहतो त्याचं कापड पाहिजे. एकालाही वाटता कामा नये की यात माझा धागा नाही."

"सगळ्यांचे धागे घातले तर घोंगडं होईल," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही.

मी या गावात सून म्हणून आले त्याला सहा वर्षं झाली. अजून दुकानात माझी ओळख 'विलीची बायको, ती आतली' अशीच करून देतात. आतली म्हणजे समुद्र नसलेल्या मुलखातली. माझ्या माहेरी कापडगिरण्या होत्या आणि नदी होती. नदी कुणाला गिळत नसे.

सभागृहात एक जुनं जाळं टांगलं आहे आणि खाली माझ्याकडच्या लोकरीच्या लडी ठेवल्या आहेत. प्रत्येकाने यावं, या जागेचा म्हणून जो रंग वाटेल त्याचा तुकडा जाळ्याला बांधावा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जो रंग बांधाल, तो कापडात येईल." हे बोलायला नको होतं का? बोलताना फार बरं वाटलं होतं.

१२ सप्टेंबर

जाळं भरलं. निळा सर्वांत जास्त, मग करडा, मग डांबराचा काळा. लाल थोडा. आणि हिरवा. हिरवा इतका की लांबून जाळ्यावर शेवाळ चढल्यासारखं दिसतं.

हिरवा बांधला तो वरच्या शेतांवरच्या लोकांनी, टेकडीवरच्या नव्या घरांनी, निवासातल्या म्हाताऱ्यांनी. लीझेलनेही. लीझेल निवासात काम करते. तिचा नवरा रोडेल विलीच्या बोटीवर आहे. दोघं फिलिपीन्सची. मी विचारलं, तुमच्याकडच्या भातशेताचा का हा रंग?

"नाही ताई. या टेकडीचा. मी बसमधून उतरले त्या दिवशी धुकं होतं. समुद्र दिसलाच नाही. टेकडी तेवढी दिसली. म्हटलं, चला, काहीतरी आहे."

लीझेल सोडली तर बोटीवर जाणाऱ्या एकाही घराने हिरवा बांधलेला नाही.

मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हिरव्याने बोटीवर अरिष्ट येतं म्हणतात, म्हणून इथल्या एकाही बोटीवर हिरवा रंग नाही. दारं, बादल्या, दोर, काहीच हिरवं नाही. आतले कपडेसुद्धा नाहीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मायमाने, म्हणजे विलीच्या आईने, माझी हिरवी टोपी खुंटीवरून काढून पिशवीत घालून मला परत दिली होती.  मला हे माहीत होतं, पण कापडाचा विचार करताना मी फक्त कापडाचा विचार केला.

१७ सप्टेंबर

समितीची बैठक. इनेस म्हणाला, हिरव्यात थोडा निळा मिसळून त्याला समुद्री म्हणता येईल.

मायमा भिंतीजवळ बसली होती. "माशाचं नाव बदललं म्हणून त्याचे काटे जात नाहीत," ती म्हणाली.

"मग एकच बारीक रेघ घालू, मायमा."

"एक रेघ म्हणजे किती ते सुनेला विचार."

मला सांगावं लागलं. टार्टनमध्ये ताण्याचा जो क्रम, तोच बाण्याचा. उभी एक रेघ घातली की आडवीही घालावी लागते. म्हणजे ती प्रत्येक रंगाला ओलांडून जाते आणि प्रत्येक रंग तिला. कुठलाही रंग एका कोपऱ्यात गप्प बसवता येत नाही.

"ऐकलंत," मायमा म्हणाली. "थोडं हिरवं असं काही नसतं."

यावर एक्क स्लेटर, विलीच्या बोटीवरचाच, अपशकुन टळावा म्हणून खुर्चीचा लोखंडी पाय धरून बसला. मी पाहिलं, आणखी तिघांचे हातही खुर्च्यांखाली गेले होते.

तेव्हा विली उठला. तो बैठकीत कधी बोलत नाही. "शब्द दिलाय तिने," तो म्हणाला. "हिरवं राहू दे." आणि बसला.

घरी येताना मी त्याचा हात धरला. त्याला कशाचीच भीती वाटत नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

२४ सप्टेंबर

ताणा चढवला. निळा, करडा, काळा, लाल आणि दोन बाजूंनी हिरवा. विणायला सुरुवात केली. हिरव्यावर करडा आला की ओल्या दगडासारखा रंग होतो. हिरव्यावर हिरवा आला की तेवढाच, नखाएवढा, शुद्ध चौकोन. सुंदर आहे. मला लाज वाटेपर्यंत सुंदर आहे.

मायमा हल्ली रोज येते. मागाजवळ बसते, चहा घेते. जाताना खाली पडलेले हिरवे धागे वेचून घेऊन जाते. उशीत भरायला, म्हणते. मी म्हटलं, दुसऱ्या रंगांचेही आहेत, न्या ना. "ते राहू देत," म्हणाली.

विली निघाला की दारात त्याला थांबवून त्याच्या अंगावरून ब्रश फिरवते. माझ्या घरात इतकी धूळ आहे असं तिला दाखवायचं असेल.

१ ऑक्टोबर

दुकानात मी शिरले आणि बोलणं थांबलं. पीठ घेतलं, लोणी घेतलं. बाहेर पडले तर मागून स्पष्ट ऐकू आलं, "हिरवीला सांग, बटाटे उद्या येतील."

हिरवी. मला.

इथे पाच विल्यम फ्लेट आहेत, सात जेम्स स्लेटर. म्हणून प्रत्येकाचं गावाने पाडलेलं एक नाव असतं. विलीचं घर 'डांबर'. मायमाला पाठीमागे 'पडदा' म्हणतात. ती खिडकीच्या पडद्याआडून सगळं गाव पाहत असते म्हणून असणार. सहा वर्षं मला नाव नव्हतं आणि मिळालं ते हे.

घरी येऊन रडले. मायमा आली तेव्हा डोळे लालच होते. तिला सांगितलं.

"हिरवी म्हणाले?" तिने विचारलं. "तोंडावर?"

"पाठीमागे. पण ऐकू येईल असं."

तिने चहा ढवळला. "पाहुण्याचं नाव कोणी पाडत नाही, पोरी," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या बटाटे आण."

माझ्या अपमानात बटाटे कुठून आले ते मला कळलं नाही.

५ ऑक्टोबर

एक्कने बोट सोडली. पाठ दुखते म्हणाला. विली म्हणाला, असेल.

"परवा तर तो जेटीवर पिंपं उचलत होता."

"मग पिंपं उचलून दुखली असेल."

चौघांची बोट आता तिघांवर आहे. विली, रोडेल आणि म्हातारा जॉस. विलीने तीन ठिकाणी विचारलं. कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणाचा दात. कुणी हिरव्याचं नाव काढलं नाही.

मी विलीला म्हणाले, मी रंग बदलते. त्याने सूप संपवलं, ताटली पुसली. "जाळ्याला ज्यांनी हिरवं बांधलं त्यांना काय सांगशील?" मी ताटली उचलली. "मग विण."

९ ऑक्टोबर

विली सोमवारी माझ्या हातची निळी जर्सी घालून गेला आणि आज करडी घालून आला. करडी मी कधी पाहिलेली नाही. मी विचारलं नाही.

१० ऑक्टोबर

आज विचारलं. "आईकडे होती," म्हणाला.

"जाताना आईकडे जातोस?"

"वाटेतच आहे."

वाटेत नाही. मायमाचं घर चर्चच्या पलीकडे आहे. म्हणजे पहाटे माझ्याकडून निघून तो आधी तिच्याकडे जातो, तिथे कपडे बदलतो, मग बोटीवर. माझ्याबद्दल तिच्याशी काय बोलत असेल? माझ्या धुण्याला वास येतो का? सहा वर्षांत मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

विलीची 'मॉर्निंग ग्रेस' आज निघाली. तिघेच. हवामान बरं नाही, पण गुरुवारपर्यंत टिकेल असं सगळे म्हणतात. रोडेलने निघताना मागाकडे डोकावून पाहिलं. "छान झालंय," म्हणाला. "लीझेल विचारते, तिचा कुठला?" मी हिरवी रेघ दाखवली. तो लांबूनच पाहून मान हलवून गेला. हात लावला नाही.

सकाळपासून चार हात विणून झालं. कालच्यापेक्षा घट्ट विणलं गेलंय. भीतीने हात जड पडतो, हे गिरणीत शिकवलं होतं. कापडात दिसतं म्हणे. उलगडून पाहिलं. दिसतं.

१७ ऑक्टोबर

वारा दुपारीच फिरला. वायव्येचा. संध्याकाळी विलीचा निरोप यायला हवा होता, आला नाही. इनेसने रेडिओवर हाका मारल्या. बाकी बोटी आत आल्या आहेत. तो म्हणतो, रेडिओ बिघडतात.

१८ ऑक्टोबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

काही कळलेलं नाही. इनेसच्या संगणकाच्या पडद्यावर सगळ्या बोटींचे ठिपके दिसतात, विलीचा काल दुपारपासून नाही. तटरक्षकांचं हेलिकॉप्टर सकाळी निघालं आणि ढग खाली आले म्हणून परतलं.

मी जेटीवर गेले. बायका होत्या. लीझेल होती, तिच्या निवासातल्या पांढऱ्या कपड्यांवर कुणीतरी आपला कोट घातला होता. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. माझ्यासाठी जागा केली, थर्मासमधला चहा दिला. ते जास्त वाईट होतं. मेलेल्याच्या घरच्यांना असाच चहा देतात.

मायमा भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे न पाहता बोलायला सुरुवात केली.

"विलीचा बाप गेला त्या वर्षी मी नवे पडदे शिवले होते. बाहेरगावहून कापड आणलं होतं. हिरव्या पानांचं. सासू म्हणाली, काढ. मी म्हटलं, पडदे घरात आहेत, बोट समुद्रात आहे."



"लाट आली होती. तपासणीवाल्यांनी सांगितलं, लाटच. पडद्यांनी काही केलं नाही, हे मलाही कळतं, मी काही मूर्ख नाही. पण पडदे मी जाळले. आणि जाळले ते उशिरा जाळले, हे माझ्या मनातून आजही जात नाही."

"तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगून काय? तू शब्द दिलेला. त्याने तुझा शब्द उचललेला. मला जमलं ते मी केलं."

काय केलं, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी घरी आले. पळतच आले.

कात्री लोकर कापायचीच होती. विणलेल्या काठापासून सुरुवात केली. हिरवा ताण्यातून कापला की धागा मागे उडतो, बोटाला चटका बसतो. एका बाजूचे कापले, मग दुसऱ्या बाजूचे. ताण्यात दोन फटी पडल्या, त्यातून खालची फरशी दिसू लागली. शेवटचा धागा कापला आणि शाळेची तीनची घंटा झाली. कात्री हातातच होती. पोरं ओरडत बाहेर पडली.

कापलेले धागे शेगडीत टाकले. लोकर नीट जळत नाही. नुसता वास येतो.

मग मी गुडघ्यांवर बसून मोठ्याने म्हणाले की काढलं, काढलं सगळं. कुणाला म्हणाले, माहीत नाही.

१९ ऑक्टोबर

आले.

सकाळी नऊच्या सुमाराला धुक्यातून बोट आली. विली आहे. जॉस आहे. रोडेल आहे. रोडेलच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.

लाटेने केबिनची काच फुटली, पाणी आत आलं, बोटीवरची सगळी वीज गेली. रेडिओ नाही, काही नाही, इंजिन तेवढं चालू. जाळं टाकून द्यायला विली तयार होता, पण ते पंख्यात अडकलं असतं. म्हणून काल, वारा जरा उतरल्यावर, ओढून घेतलं. विली सुकाणूवर, जॉस मागे आणि रोडेल एकटा विंचवर, जाळ्याची तार गुंडाळणाऱ्या यंत्रावर. तिथे दोन माणसं लागतात. एकाने लीव्हर धरायचा, दुसऱ्याने तार पाहायची.

"एक्कची जागा ती," विली म्हणाला. एवढंच म्हणाला.

मी विचारलं, कधी झालं?

"काल. तीनच्या सुमाराला."

मी त्याच्यासाठी ओट्सची लापशी केली. ती करपली. दुसरी केली. तो खाऊन झोपला आहे. मी हे लिहीत आहे.

तीनच्या सुमाराला. मी लीझेलचा रंग कापला आणि तिच्या नवऱ्याची बोटं कापली गेली. असं नसतं. असं नसतं हे मला माहीत आहे. पण हिरव्यामुळे बोट बुडते असंही नसतं आणि ते मी काल मानलं. एक मानलं तर दुसरं का नाही? आता मला कुठल्या बाजूने घाबरायचं तेही कळत नाही.

२४ ऑक्टोबर

ताण्यातल्या फटी मी विलीला दाखवल्या नव्हत्या. आज तो स्वतः माझ्या खोलीत आला.  बोटाने फट चाचपली.

"आई म्हणाली होती," तो म्हणाला. "मला खरं वाटलं नाही."

"तू परत यावास म्हणून."

"हं."

"तुला काय जातंय. तुला भीती वाटत नाही."

तो माझ्याकडे वळला. तो चिडला की त्याचा आवाज खाली जातो. "हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच. बैठकीत. राहू दे म्हणालास."

"राहू दे म्हणालो. भीती वाटत नाही असं म्हणालो नाही." मग खिडकीकडे पाहत म्हणाला, "आईच्या अंगणात, थंडीत, तिच्यासमोर अंगावरचे कपडे काढून उभा राहायचो, एल्स्पेथ, तुझ्या मागाचा एकही हिरवा धागा बोटीवर जाऊ नये म्हणून. या वयात. तिला विचार."

मी म्हटलं, तू मला सांगायचंस.

"सांगितलं असतं तर तू रंग काढला असतास."

२६ ऑक्टोबर

एक्क दारात आला. टोपी हातात. पाठ बरी आहे म्हणाला. सोमवारपासून येतो, आणि रोडेलच्या जागी त्याचा मेव्हणाही येईल.

"कशी बरी झाली?" मी विचारलं.

"झाली." मग जमिनीकडे पाहत, "तुम्ही ते काढलंत असं कळलं. बरं केलंत. गावात सगळे म्हणतायत, बरं केलं."

दुकानात मला बटाटे मोजताना दोन जास्त घातले. इनेसने सांगितलं, हिरव्याच्या जागी पांढरा घाल, लाटांचा. वरच्या शेतांवरच्यांना तो समजावेल.

म्हणजे बोट पुन्हा चौघांची आहे. विंचवर दोन माणसं असतील. हे सगळं त्या फटींमुळे. मला फक्त पांढरा ओवायचा आहे.

पांढरी लड उघडून ठेवली. ओवली नाही.

२९ ऑक्टोबर

लीझेल आली. रोडेलही, हात गळ्यात बांधलेला. मायमा आधीच मागाजवळ बसलेली होती. मी लीझेलला आत येऊ देणार नव्हते, पण ती थेट मागाकडे गेली.

तिने विणलेला भाग पाहिला, त्यातली हिरवी रेघ बोटाने पकडून पुढे सरकली आणि फटीपाशी थांबली.

मी सांगितलं. कधी कापलं तेही. घंटेसकट सांगितलं. 

रोडेल म्हणाला, "वहिनी, माझा हात तारेत गेला. तार कुणी पाहायला नव्हतं. त्याला लोकर काय करणार?"

लीझेलने रेघेवरचं बोट काढलं. मग म्हणाली, "त्या दिवशी जेटीवर मी काय कबूल केलं, ते यालाही माहीत नाही. मी म्हटलं, हा आला तर आम्ही परत जाऊ. सगळं सोडून, घरी. शपथेवर म्हटलं."

रोडेलने तिच्याकडे पाहिलं. "परत? कधी?"

"नाही जाणार."

"शपथ घेतलीस ना?"

"घेतली. देवाला सांगेन, घाईत बोलले." तिने नाक पुसलं. "त्याला सवय असेल. बायका जेटीवर काहीबाही बोलतात." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "ताई, माझा घालणार ना पण?"

मायमाच्या कपातला चमचा थांबला. मी हो म्हणाले नाही. मी म्हणाले, "एक्क जाईल. विंचवर पुन्हा एकच माणूस राहील."

"ते एक्कला विचारा," लीझेल म्हणाली. "मला काय विचारता?"

ते गेल्यावरही मायमा बसून होती. मी वाट पाहत होते की ती पडद्यांचं काढेल. "ती पोर टेकडी पाहून राहिली इथे," ती म्हणाली. "मी काय पाहून राहिले होते, आता आठवत नाही." आणि कप धुवून ठेवून गेली.

२ नोव्हेंबर

एक्कच्या घरी गेले. त्याला स्वयंपाकघरात गाठलं, हॅडॉक मासे सोलत होता. त्याच्या बायकोने मला बसा म्हटलं नाही.

मी म्हणाले, "मी हिरवा पुन्हा बांधणार आहे. सोमवारी सकाळी सुरू करीन. बोट निघायच्या आधी तुला माहीत असावं."

"मला विचारताय की सांगताय?"

"सांगते."

"तुमचा नवरा आहे त्या बोटीवर."

"माहीत आहे."

"तरी?"

"मला झोप येत नाही, एक्क. कापलं म्हणून येत नाही आणि बांधणार म्हणूनही येत नाही. पण लीझेलला मी शब्द दिलाय. समुद्राला काही दिलेला नाही."

त्याने सुरी पुसली. "माझा बाप म्हणायचा, आतल्या बायका करू नयेत."

"तुझा बाप अविवाहित मेला असता तर बरं झालं असतं," त्याची बायको म्हणाली. तीही टेकडीपलीकडच्या गावची आहे, हे मला आज कळलं. एक्क हसला नाही, पण रागावलाही नाही.

"सोमवारी वारा काय म्हणतो बघू," तो म्हणाला. येतो म्हणाला नाही, नाही येत म्हणाला नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा माशाला हात घातला.

विलीला सांगितलं. तो म्हणाला, बरं. हात थंड होते त्याचे.

४ नोव्हेंबर, सोमवार

उजाडताच बसले. तुटलेला धागा पुन्हा जोडायचा म्हणजे नवा हिरवा मागच्या टोकाला गाठ मारून बांधायचा, माझ्या बाजूला ओढून घ्यायचा, फणीतून काढायचा आणि विणलेल्या कापडात टाचणीला गुंडाळून ताणायचा. एकेक. घाई केली तर ताण कमीजास्त होतो आणि रेघ वाकडी येते.

मायमा आली आहे. हिरव्याला ती हात लावत नाही. पलीकडे बसून फणीतली रिकामी घरं बोटाने धरून दाखवते, म्हणजे मला शोधावी लागत नाहीत.   

विली आज आईकडे न वळता इथूनच गेला. दारात थांबला होता, मी उठले नाही. उठले असते तर जाऊ दिलं नसतं.

मघाशी इंजिन सुरू झालं. खोलीच्या खिडकीतून जेटी दिसते. बोटीवर किती माणसं चढली ते कळलं असतं. मी पाहिलं नाही. मायमाने पाहिलं, आणि ती काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

आवाज लांब जातो आहे. वारा वायव्येचाच आहे. एक बाजू बांधून झाली, दुसरी बाकी आहे.